मकबऱ्यापासून मृत्यूच्या नाचापर्यंत

मकबरा हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दिलरस बानू बेगमच्या कबरीवर सतराव्या शतकात उभा राहिलेला बीबी का मकबरा मराठवाड्यातल्या मुलांना शाळेच्या सहलीतच भेटतो. शब्द अरबी आहे. कब्र, त्यावरून मकबरा, आणि मकबऱ्याचे अनेकवचन मकाबिर, म्हणजे कब्रस्ताने. या शब्दाशी विलक्षण साम्य असलेला एक शब्द फ्रेंच भाषेत आहे : मकाब्र. प्रेते, सांगाडे, मरणाची घटका अशा विषयांवरच्या चित्रांना, गाण्यांना आणि कथांना युरोपात हे विशेषण लावतात. १३७६ साली ज्याँ ल फेव्र या फ्रेंच कवीच्या लिखाणात तो प्रथम आढळतो. तो आला कुठून, यावर विद्वानांचे एकमत नाही. पुष्कळ जण त्याचा संबंध मॅकबी या प्राचीन ज्यू हुतात्म्यांशी जोडतात, तर काही जण त्याला थेट अरबी मकाबिरपर्यंत नेऊन पोहोचवतात. शब्दाचे कूळ ठरवण्याचे काम आम्ही भाषाशास्त्रज्ञांवर सोपवतो. पण या शब्दाने ओळखली जाणारी कला मात्र खरोखरच कब्रस्तानात वाढली, याबद्दल शंका नाही.

आपल्याकडे अशा कलेचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. घरात अशुभ चित्र लावू नये, दिवेलागणीला रडके गाणे म्हणू नये, असे आपल्या घराघरांतून सांगितले जाते. सांगाडे रंगवणारा आणि प्रेतांवर गाणी रचणारा माणूस आतून कुठेतरी बिघडलेला असावा, असाही एक सार्वत्रिक समज आहे. या कलावंतांची ओळख करून घेऊ लागलो की हा समज टिकत नाही. त्यांतले बहुतेक जण आपल्या काळाचे अत्यंत जागरूक साक्षीदार होते. त्यांच्यापुढे प्रश्न होते ते दोन. मृत्यू सगळ्यांना सारखाच गाठतो का? आणि मरणाऱ्याकडे कोण, कुठे उभे राहून पाहतो? सहाशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, तो इतिहास आपण पाहू या.

महामारीनंतरची भिंत

१३४७ च्या ऑक्टोबरात सिसिलीतील मेसिना बंदराला लागलेल्या जहाजांबरोबर प्लेग युरोपात शिरला. चार-पाच वर्षांत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसे त्याने नेली. इस्लामी जगालाही त्याने सोडले नाही. आपल्या दौलताबादचे आणि तिथल्या गाणाऱ्यांच्या बाजाराचे वर्णन लिहून ठेवणारा इब्न बतूता १३४८ मध्ये दमिश्कमध्ये होता. तिथे दिवसाला दोन हजारांवर माणसे मरत असल्याचे त्याने नोंदवले आहे. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले. मग मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती आपापले ग्रंथ घेऊन, अनवाणी, रडत एकत्र शहराबाहेर दुआ मागायला निघाले, हेही त्यानेच लिहिले आहे. त्याच साथीत ट्यूनिसमध्ये कोवळ्या वयातल्या इब्न खल्दूनचे आईवडील गेले, त्याचे गुरू गेले. अलेप्पोचा इब्न अल्-वर्दी प्लेगवर प्रबंध लिहीत होता. १३४९ मध्ये तो प्लेगनेच वारला.

आपल्या लोकांनी ही महामारी शब्दांत नोंदवली : इतिहासात, प्रवासवर्णनात, वैद्यकाच्या ग्रंथांत. युरोपने ती पुढे भिंतीवरही उतरवली. पॅरिसमध्ये ‘निष्पापांचे कब्रस्तान’ नावाची एक जुनी दफनभूमी होती. जागा अपुरी पडे, म्हणून जुन्या कबरी उकरून हाडे भोवतालच्या कमानींवरच्या माळ्यांत रचून ठेवत. खाली लोकांची वर्दळ, दुकाने, पत्रे लिहून देणारे कारकून आणि वर कवट्यांचे ढीग, असा तो देखावा होता. १४२४-२५ मध्ये त्याच कमानींखालच्या भिंतीवर कोणा अज्ञात चित्रकाराने मोठी चित्रमालिका रंगवली. तीच ‘दान्स मकाब्र’, मृत्यूचा नाच.

कल्पना साधी होती. एक मेलेला, एक जिवंत, पुन्हा एक मेलेला, एक जिवंत, अशी हात धरून नाचणारी रांग. जिवंतांत सर्वांत पुढे पोप, मग सम्राट, मग कार्डिनल, राजा, सरदार, सावकार, वैद्य, वकील असे करत रांग शेतमजुरापर्यंत आणि तान्ह्या मुलापर्यंत येते. प्रत्येक चित्राखाली संवादाच्या ओळी होत्या. मेलेला आमंत्रण देतो, जिवंत कुरकुरतो. कष्टकऱ्याशी बोलताना मात्र मृत्यूचा आवाज थोडा मवाळ होतो. तुझे श्रम आता संपतील, एवढा दिलासा तो त्याला देतो.

ही चित्रे रंगवली जात असताना फ्रान्स इंग्रजांशी चाललेल्या दीर्घ युद्धात होरपळत होता आणि पॅरिसवर इंग्रजांचा अंमल होता. कर, उपासमार आणि साथी यांनी गांजलेल्या माणसाला भरचौकात असे चित्र पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. पोपचा आणि राजाचा हात धरून त्यांना फरफटत नेणारा कोणीतरी आहे, हे त्या भिंतीने उघडपणे सांगितले. मशिदीतल्या सफेत श्रीमंत-गरीब खांद्याला खांदा लावून उभे राहतात, कफनाला खिसा नसतो, या गोष्टी ज्यांच्या रोजच्या जगण्यातल्या आहेत, त्यांना त्या भिंतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ती भिंत १६६९ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी पाडली गेली. पण तोपर्यंत कल्पना सर्वदूर गेली होती. पॅरिसचा मुद्रक ग्वियो मार्शां याने १४८५ मध्ये तिचे छापील पुस्तक काढले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत रांगेच्या सुरुवातीला चार मृत वादक आले. म्हणजे मृत्यूच्या नाचाला वाजंत्री अगदी आरंभापासून मिळाली होती. जर्मनीत ल्यूबेकच्या चर्चमध्ये १४६३ मध्ये बेर्न्ट नोट्केने असाच नाच रंगवला. आजच्या स्लोव्हेनियातील ह्रास्तोव्लये या छोट्या गावच्या चर्चमधला १४९० चा नाच अजून पाहायला मिळतो.

होलबाइनची बोटभर चित्रे

या परंपरेला नवे वळण दिले ते हान्स होलबाइन याने. १५२३ ते १५२६ च्या सुमारास बाझेल शहरात त्याने मृत्यूची लहान लहान चित्रे काढली. हान्स ल्यूत्सेलबुर्गर या कसबी कारागिराने ती लाकडी ठशांवर कोरली. चित्र जेमतेम साडेसहा सेंटिमीटर उंच आणि पाच सेंटिमीटर रुंद. १५३८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात ४१ चित्रांचे पुस्तक निघाले.

होलबाइनने रांग मोडली आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्यावर गाठले. न्यायाधीश श्रीमंताकडून लाच घेण्यासाठी हात पुढे करतो आहे आणि पलीकडे गरीब पक्षकार ताटकळत उभा आहे. तेवढ्यात मृत्यू न्यायाधीशाचा दंड हिसकावतो. सावकाराच्या खोलीत मृत्यू त्याच्या पैशांवरच हात टाकतो. नांगर धरलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतात मात्र तो घोडे हाकायला मदत करतो, आणि मागे डोंगरामागे सूर्य मावळत असतो. एका झोपडीत आई चुलीवर काही शिजवते आहे आणि मृत्यू तिच्या लेकराला हात धरून बाहेर नेतो. हे चित्र पाहताना थट्टेचा सूर कुठच्या कुठे जातो.

म्हणजे इथे मृत्यू येतो सगळ्यांकडे, पण सगळ्यांशी सारखा वागत नाही. पॅरिसच्या भिंतीने जे समानतेचे आश्वासन दिले होते, त्याच्या खालचा अन्याय होलबाइनला दिसू लागला होता. लाचखाऊ न्यायाधीश मरेल हे खरे. पण त्याच्या दारात ताटकळलेल्या गरिबाचे काय, हा प्रश्न त्या बोटभर चित्रात शिल्लक राहतोच.

सुरांतले सांगाडे

संगीताने हा विषय खऱ्या अर्थाने हाती घेतला तो एकोणिसाव्या शतकात. ख्रिस्ती लोकांच्या मृतांसाठीच्या प्रार्थनेत कयामतच्या दिवसाचे वर्णन करणारे ‘डीएस इरे’ नावाचे एक मध्ययुगीन लॅटिन गीत आहे. त्याची संथ, खाली उतरत जाणारी चाल अनेक संगीतकारांनी उचलली. फ्रान्झ लिस्टने पियानो आणि वाद्यवृंदासाठी रचलेली ‘टोटेनटांझ’, म्हणजे मृत्यूचा नाच, ही रचना याच चालीवर उभी आहे. तिचा पहिला प्रयोग १८६५ मध्ये हेग शहरात झाला. इटलीत पिसाच्या कब्रस्तानातील भिंतीवर असलेल्या ‘मृत्यूचा विजय’ या चित्रावरून लिस्टला ती सुचली, असे सांगितले जाते. ते चित्र प्लेगच्याही आधीचे, साधारण १३४० च्या आसपासचे आहे.

कामीय सँ-साँस याची ‘दान्स मकाब्र’ ही रचना १८७४ ची. हार्पवर रात्रीचे बारा ठोके पडतात. मग मृत्यू व्हायोलिन घेऊन येतो. त्या व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवलेली असते, त्यामुळे पहिलाच आवाज कानाला खुपतो. लाकडी पट्ट्यांच्या झायलोफोनवर हाडांची खडखड ऐकू येते आणि पहाटे ओबोवर कोंबडा आरवला की सांगाडे आपापल्या कबरीत परततात. रचना मोठी गमतीची आणि कौशल्याची आहे. जगभर ती लहान मुलांनाही ऐकवतात. पण प्लेगच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात जो गोळा उठत होता, तो तिथे नाही. नाच राहिला, भीती मनोरंजनापुरती उरली. अल्जीरियाची ओढ असलेला हा संगीतकार १९२१ मध्ये अल्जीयर्स शहरातच मरण पावला.

ती भीती आणि तिच्यामागचा राग ऐकायचा असेल तर रशियाच्या मोडेस्ट मुसोर्गस्कीकडे जावे लागते. १८७५ ते १८७७ या काळात त्याने गोलेनिश्चेव-कुतूझोव या कवीच्या शब्दांवर चार गाणी रचली. ‘मृत्यूची गाणी आणि नाच’ हे त्यांचे एकत्रित नाव. पहिल्यात मृत्यू आजारी बाळासाठी अंगाई गातो आणि आई त्याला विनवते. दुसऱ्यात तो आजारी मुलीच्या खिडकीखाली प्रियकर बनून येतो. तिसऱ्यात हिमवादळात वाट चुकलेल्या, दारू प्यालेल्या दरिद्री शेतकऱ्याला नाचायला घेतो आणि बर्फाच्या पांघरुणात कायमचे निजवतो. चौथ्या गाण्यात मृत्यू सेनापती आहे. दिवसभराची लढाई संपल्यावर तो घोड्यावरून रणांगणात येतो, जिंकलो ते फक्त आपण, असे जाहीर करतो आणि दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांची कवायत घेतो. १८८१ मध्ये मुसोर्गस्की गेला. गाणी छापली गेली ती पुढच्या वर्षी. १९६२ मध्ये दिमित्री शोस्ताकोविचने ती वाद्यवृंदासाठी बांधली, आणि १९६९ मध्ये स्वतःची चौदावी सिंफनी संपूर्णपणे मृत्यूवरच्या कवितांवर रचली.

मृत्यू येतो की पाठवला जातो?

मुसोर्गस्कीचा सेनापती अचानक उगवला नव्हता. त्याच्या आधी चित्रकारांनी ही वाट पाडली होती. स्पेनचा फ्रान्सिस्को गोया हा दरबारी चित्रकार. १७९२-९३ च्या आजारात तो ठार बहिरा झाला. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या आणि पुढच्या काही वर्षांत माद्रिदने कत्तल आणि दुष्काळ दोन्ही पाहिले. १८१० ते १८२० या काळात गोयाने ‘युद्धाचे अनर्थ’ ही ८२ चित्रांची मालिका ताम्रपटांवर कोरली. झाडाला टांगलेली धडे, फाशी गेलेले शेतकरी, भुकेने रस्त्यात पडलेल्या बायका. त्यात सांगाडा व्हायोलिन वाजवत येत नाही. मारणारा माणूस आहे आणि मरणाराही माणूसच आहे. एका चित्राखाली तर आपण हे डोळ्यांनी पाहिल्याचे त्याने लिहून ठेवले. ही मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकली नाही. तो १८२८ मध्ये गेला आणि चित्रे १८६३ मध्ये छापली गेली.

वासिली वेरेश्चागिन हा रशियन चित्रकार आपल्याला अधिक जवळचा वाटावा. रशियाने मध्य आशियातील मुस्लिम राज्ये जिंकली तेव्हा तो फौजेबरोबर होता. १८६८ मध्ये समरकंदच्या किल्ल्यात तो स्वतः लढला. परत आल्यावर १८७१ मध्ये त्याने ‘युद्धाचे देवत्व’ हे चित्र रंगवले : ओसाड माळावर कवट्यांचा ढीग, त्यावर कावळे, मागे वठलेली झाडे आणि उद्ध्वस्त शहर. कवट्यांचे मनोरे रचणाऱ्या तैमूरची आठवण त्यात आहे. पण चौकटीवर त्याने हे चित्र भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या सर्व महान विजेत्यांना अर्पण केले. म्हणजे तैमूरबरोबर त्याने स्वतःच्या झारलाही त्याच रांगेत उभे केले. रणांगणात टाकून दिलेल्या रशियन शिपायाचे त्याचे चित्र देशद्रोही ठरवले गेले, तेव्हा १८७४ मध्ये त्याने ते स्वतःच जाळले. त्याच चित्रावर मुसोर्गस्कीने त्याच वर्षी एक गाणे रचले. चित्र जळाले, गाणे उरले. पुढे वेरेश्चागिन हिंदुस्थानात येऊन गेला आणि इंग्रजांनी बंडखोरांना तोफेच्या तोंडी दिल्याचे चित्रही त्याने काढले. १९०४ मध्ये पोर्ट आर्थरजवळ युद्धनौका बुडून तो मेला.

बादशहाची नजर, झैनुलची नजर

आता आपल्या भूमीकडे येऊ. १६१८ मध्ये जहांगीर बादशहाचा एक दरबारी, इनायत खान, अफू आणि दारूच्या व्यसनाने मरायला टेकला. आग्र्याला जाण्याची परवानगी मागण्यासाठी त्याला पालखीत घालून बादशहापुढे आणले. हाडांवर कातडे तेवढे उरले होते. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे की हा प्रकार इतका विलक्षण वाटला की त्याने चित्रकारांना तसबीर काढण्याचा हुकूम दिला. त्याचे रेखाचित्र आज बॉस्टनला आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डला आहे. उशा-तक्क्यांच्या गर्दीत बसलेला तो सापळा जगातल्या थोर मृत्युचित्रांत गणला जातो. चित्रकाराची रेघ करुणेने भरलेली आहे. पण हुकूम बादशहाच्या कुतूहलाचा होता.

सव्वातीनशे वर्षांनंतर बंगालमध्ये लाखो माणसे त्याच अवस्थेला आली. त्यांची तसबीर काढा, असा हुकूम देणारे कोणी नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळाने झोडपले. तांदळाचे भाव मजुराच्या हाताबाहेर गेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की १९४३ मधला धान्यसाठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता आणि १९४१ पेक्षा जास्तच होता. धान्य होते, ते विकत घेण्याची ताकद शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांच्यापाशी नव्हती. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यू धरले; नंतरच्या अभ्यासकांनी आकडा ३० लाखांच्या आसपास नेला. मरणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते. कलकत्त्याच्या रस्त्यांवरची प्रेते उचलण्याचे काम हिंदू सत्कार समिती आणि अंजुमन मुफीदुल इस्लाम या संस्थांनी केले.

त्या वेळी कलकत्त्याच्या सरकारी कला विद्यालयात झैनुल आबेदिन शिकवत होते. जन्म १९१४, मैमनसिंग जिल्ह्यातला. वडील पोलीस खात्यात. युद्धामुळे साहित्य महागले होते. त्यांनी बांधाबांधीचा स्वस्त कागद घेतला, काळी शाई घेतली आणि कोरड्या कुंचल्याने रस्त्यावर दिसेल ते उतरवले. कचऱ्याच्या पेटीशी वाकलेली माणसे, आटलेल्या छातीला तोंड लावलेले मूल, प्रेताशेजारी टपलेला कावळा. चित्रांत पार्श्वभूमी जवळजवळ नाही. पांढरा कागद हाच रस्ता. पॅरिसच्या रांगेतला पोप इथे नाही, राजा नाही, सावकारही नाही. रांगेत फक्त शेवटचा शेतमजूर आणि त्याचे मूल उरले आहे. मृत्यू सर्वांना समान आहे या जुन्या समजुतीला दिलेले याहून खणखणीत उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

त्यांच्या बरोबरीने चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या खेड्यांतून पायी फिरले. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या सचित्र पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. हे चित्तप्रसाद पुढे अनेक वर्षे मुंबईत अंधेरीला राहिले. वामिक जौनपुरी यांनी भुकेल्या बंगालवर नज्म लिहिली. इप्टाच्या गायकांनी ती गावोगावी गाऊन मदत गोळा केली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ मध्ये याच दुष्काळावर ‘धरती के लाल’ हा पहिला चित्रपट काढला. बंगालच्या मरणाला अशा रीतीने रेघही मिळाली आणि सूरही.

याच महायुद्धाने युरोपातल्या जुन्या भिंतीही जाळल्या. १९४२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ल्यूबेकचा मृत्यूचा नाच (जुन्या चित्राची १७०१ मधली प्रत) खाक झाला. १९४४ च्या जुलैमध्ये पिसाच्या कब्रस्तानाला तोफगोळ्यांनी आग लागली आणि छपराचे शिसे वितळून भिंतीवरच्या चित्रांवर ओघळले. मृत्यू सर्वांना समान आहे असे सांगणाऱ्या भिंती जळत होत्या, त्याच वर्षांत कलकत्त्याच्या पदपथावर एक तरुण मुस्लिम चित्रकार त्या शिकवणुकीतली उणीव कागदावर नोंदवत होता.

झैनुल आबेदिन १९४८ मध्ये ढाक्याच्या कला संस्थेचे संस्थापक झाले. १९७० च्या चक्रीवादळात वाहून गेलेल्या मनपुरा बेटाच्या माणसांवर त्यांनी तीस फुटांचा चित्रपट्ट रंगवला. १९७६ मध्ये ते वारले. म्हणजे मरणाऱ्यांकडे पाहणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

कब्रस्तानात गेल्यावर मन मऊ होते, म्हणून झियारतीला जावे, असे आपले वडीलधारे सांगत आले. ही चित्रे आणि ही गाणी आम्हाला तशीच झियारत वाटते. त्यात एक जास्तीची जबाबदारी मात्र आहे. कबरीपाशी आपण मेलेल्यासाठी दुआ मागतो. गोयाच्या, वेरेश्चागिनच्या आणि झैनुलच्या चित्रांपाशी हा कसा मेला, हेही विचारावे लागते. महामारी, दंगल, उपासमार यांत माणसे मरतात तेव्हा ‘आली होती, गेली’ म्हणून हात झटकणे सोपे असते. ज्यांच्यासाठी कोणी मकबरा बांधला नाही, ज्यांतल्या पुष्कळांना कफनही मिळाले नाही, त्यांच्या नावाची माती या कलावंतांनी कागदावर आणि सुरांत दिली. ती आपल्या घरच्या भिंतीवर टांगावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. तिच्याकडे पाठ फिरवण्याचा हक्क मात्र आपल्याला नाही.